भिंतीसमोरची जमीन

मोठ्या पडद्याचं काम हाती आलं की पहिली सूचना ठरलेली असते: अक्षरं मोठी करा, आकडे मोठे करा, शेवटच्या खुर्चीवरून दिसलं पाहिजे. मग पंधरा-वीस फुटी भिंतीवर सहा आकडे, चार गोल आलेख आणि कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह अशी मांडणी होते. ती पाहून मला दर वेळी हळहळ वाटते. जी भिंत हजारो गोष्टी एकाच वेळी समोर ठेवू शकते, तिच्यावर आपण मोबाइलवर मावेल एवढाच मजकूर मांडतो, फक्त मोठ्या अक्षरांत.

मी माहितीची चित्रं काढतो: नकाशे, आलेख, जाळ्यांच्या आकृत्या. त्यातलं बरंचसं काम आता भिंतीएवढ्या पडद्यांसाठी असतं. या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. भिंतीवरचं चित्र काढताना पडद्याइतकाच विचार त्याच्यासमोरच्या जमिनीचा करावा लागतो. वाचणारा कुठे उभा राहील, तिथून कुठे जाईल, त्याला पुढे येता येईल का, वाटेत टेबल आहे का? लॅपटॉपसाठी चित्र काढताना हे प्रश्न पडतच नाहीत. तिथे माणूस बसून राहतो आणि चित्र सरकतं. भिंतीवर चित्र जागच्या जागी असतं आणि माणूस सरकतो.

थोडा हिशेब मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डोळ्यांचे डॉक्टर ज्याला ६/६ नजर म्हणतात, त्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. एक मीटरवरून पाहिलं तर हा तपशील ०.२९ मिलिमीटर भरतो, तीन मीटरवरून ०.८७ मिलिमीटर. म्हणजे पिक्सेल किती बारीक, यावरून प्रत्येक पडद्याचं एक अंतर ठरतं. त्याहून लांब गेलात तर तपशील हरवू लागतो, आणि त्याहून जवळ गेलात तर नवीन काही मिळत नाही, नुसते चौकोन दिसायला लागतात. आपल्याकडच्या कंट्रोल रूममध्ये वर्षानुवर्षं असलेले ७० इंची क्यूब, म्हणजे आतून प्रकाश टाकणारे पेटीसारखे पडदे, घ्या. फुल एचडी असतील तर एक पिक्सेल ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे अंतर पावणेतीन मीटर. एलईडी भिंतीत दोन पिक्सेलमध्ये दीड मिलिमीटर असेल तर ते अंतर पाच मीटरच्या पुढे जातं. याउलट ३० इंची मॉनिटर एकाला एक लावून केलेल्या भिंतीचा पिक्सेल असतो पाव मिलिमीटरचा. तिचं अंतर ८६ सेंटिमीटर. तिथे बोट टेकवून बोलता येतं.

क्यूबची किंवा एलईडीची भिंत आणि मॉनिटरची भिंत, दोन्ही वीस फुटांच्याच असल्या तरी त्यांच्यासाठी एकच चित्र चालत नाही. पहिली लांबून बघायची. दुसरी लांबूनही बघायची आणि जवळ जाऊन वाचायचीही. निविदेत मात्र दोन्हींचं वर्णन एकाच ओळीत उरकलेलं असतं: रुंदी इतकी, उंची इतकी.

जवळ जाऊन वाचायच्या भिंती जगात बऱ्याच उभ्या राहिल्या आहेत. पॅरिसच्या दक्षिणेला ओर्से इथल्या विद्यापीठात ‘वाइल्ड’ नावाची भिंत होती: एका ओळीत आठ मॉनिटर, अशा चार ओळी, रुंदी साडेपाच मीटर, आडवे २०,४८० आणि उभे ६,४०० पिक्सेल. गुणाकार केला तर तेरा कोटींच्या वर जातो, म्हणजे साधारण ६३ फुल एचडी पडदे. अमेरिकेत स्टोनी ब्रुक विद्यापीठाने २०१२ साली ‘रिॲलिटी डेक’ उघडलं. त्यात एका खोलीच्या चारही बाजूंना मिळून ४१६ पडदे आणि सुमारे १५० कोटी पिक्सेल. हे आकडे ऐकून आपण ‘बाप रे’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: एवढे पिक्सेल माणसाला वापरता येतात का?

या प्रश्नावर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या ख्रिस नॉर्थ यांच्या गटाने जे काम केलं आहे, त्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. बेथ यॉस्ट आणि नॉर्थ यांनी २००६ मध्ये एक प्रयोग मांडला. वीस लाख पिक्सेलच्या पडद्यावर जी माहिती दाखवली, तीच कितीतरी पटीने वाढवून ३.२ कोटी पिक्सेलच्या जोडपडद्यावर मांडली आणि बारा विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला दिले. शंका रास्त होती: पिक्सेल वाढवले तरी डोळा आणि डोकं तेवढंच राहतं, मग माणूस गांगरून जाणार नाही का? तसं झालं नाही. अचूकपणा घटला नाही, आणि माहितीच्या वाढीच्या हिशेबाने पाहिलं तर लागणारा वेळ उलट कमी निघाला. त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट माझ्या रोजच्या कामात उतरली आहे. लहान पडद्यावर माहिती कशी रंगवता, कुठल्या आकारात दाखवता याला जास्त महत्त्व. मोठ्या पडद्यावर काय कशाशेजारी ठेवता याला.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट बॉल आणि नॉर्थ यांनी माणसं भिंतीसमोर चालतात कशी ते पाहिलं. पडदा जसजसा रुंद केला तसतसं झूम करणं आणि सरकवणं कमी झालं, चालणं आणि मान वळवणं वाढलं, आणि बहुतेक कामं लवकर झाली. मला याचं नवल वाटत नाही. झूम करून आत गेलेल्या माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही. ते त्याला आठवावं लागतं, किंवा परत बाहेर येऊन बघावं लागतं. दोन पावलं पुढे टाकणाऱ्याच्या डोळ्याच्या कडेला बाकीची भिंत तशीच असते. आणि परत यायला त्याला बटण शोधावं लागत नाही.

आता महाराष्ट्रातलं उदाहरण घेतो, कारण ते मी हाताने केलं आहे. राज्याच्या विजेच्या जाळ्याचा नकाशा साडेपाच मीटर रुंदीवर मांडायचा. मी असली कामं आधी कागदावर करतो. प्लॉटरवाल्याकडून खऱ्या मापात पट्टे छापून आणायचे, जिन्याजवळच्या लांब भिंतीवर चिकटपट्टीने लावायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यापुढे उभं करायचं. जमिनीवरही चिकटपट्टीच्या रेघा मारायच्या: एक भिंतीपासून हातभर अंतरावर, एक दोन मीटरवर, एक पाच मीटरवर. प्रत्येक रेघेवर काय वाचता आलं पाहिजे, ते आधी लिहून काढायचं. पाच मीटरवरून राज्याचा आकार आणि कुठे काही बिघडलं आहे का, एवढंच. दोन मीटरवरून कुठली लाइन, कुठलं सबस्टेशन. हातभर अंतरावरून ब्रेकरची, म्हणजे लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, स्थिती, ट्रान्सफॉर्मरवरचा लोड, गेल्या तासाभराची बारीक रेघ.

चंद्रपूर नकाशाच्या उजव्या टोकाला येतं. कोळशावर चालणारं, २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र. डावीकडे मुंबईच्या पाठीमागे पडघे इथलं सबस्टेशन. दोन्हींना जोडणारी ५०० किलोव्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची, लाइन ७५२ किलोमीटर लांब आहे आणि १,५०० मेगावॉट वाहून नेऊ शकते. भिंतीवर तिच्या दोन टोकांमध्ये चार मीटरहून जास्त अंतर पडतं. लॅपटॉपवर दोन्ही टोकं एका नजरेत येतात. भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र चंद्रपूर वाचताना पडघे वाचता येत नाही. डोळा खऱ्या अर्थाने स्पष्ट पाहतो तो भाग अवघा दोन अंशांचा, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. म्हणून मी त्या लाइनचा प्रवाह दोन्ही टोकांना लिहितो, आणि प्रत्येक टोकापाशी समोरच्या टोकाची एक छोटी प्रतिकृती ठेवतो. कागदावर ही पुनरुक्ती वाटेल. भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे त्यामुळे चार मीटरचे हेलपाटे वाचतात.

याहून मोठी पुनरुक्ती मी आनंदाने करतो ती फ्रिक्वेन्सीची, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला किती आवर्तनं होतात त्या आकड्याची. ३१ डिसेंबर २०१३ ला देशाच्या वीजजाळ्याचा दक्षिण विभाग बाकीच्यांना जोडला गेला तेव्हापासून सगळ्या देशाचं जाळं एकाच तालावर चालतं. ५० हर्ट्झच्या आसपास, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ते ठेवायचं असतं. नाशिकला जो आकडा तोच नागपूरला, तोच कोलकात्याला. म्हणून सगळीकडे प्रथा अशी की भिंतीच्या मधोमध एक भला मोठा आकडा लावायचा. मी तो काढून टाकतो आणि नकाशावर ठिकठिकाणी, त्या त्या सबस्टेशनजवळ, लहान आकड्यात फ्रिक्वेन्सी लिहितो. एरवी ते सगळे आकडे सारखेच दिसतात. पण जाळं फाटलं की वीज पाठवणाऱ्या बाजूचा आकडा वर चढतो आणि घेणाऱ्या बाजूचा खाली येतो. मग कुठून फाटलं हे सांगायला वेगळ्या संदेशाची गरज उरत नाही. दोन वेगळ्या आकड्यांमधली सीमारेषा नकाशावर आपोआप उमटते. मधोमध एकच आकडा असेल तर तो कोणत्या बाजूचा आहे, हेसुद्धा त्या क्षणी कळणार नाही.

हे काल्पनिक नाही. ३० जुलै २०१२ ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बिना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, आणि उत्तरेचं जाळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग गेले. साठ कोटींहून अधिक लोक त्या प्रदेशात राहतात. पश्चिम विभाग वाचला. महाराष्ट्रात दिवे चालू होते, म्हणून आपल्याला ते दोन दिवस फारसे आठवत नाहीत. पण फाटण्याची रेघ आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातून गेली होती.

आणि भिंत नसली तर काय होतं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं आहे. १४ ऑगस्ट २००३. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या कंट्रोल रूममधली धोक्याच्या सूचना देणारी संगणक प्रणाली बंद पडली आणि ती बंद पडल्याचं तिथल्या लोकांना कळलं नाही. त्यानंतर ३ वाजून ५ मिनिटांनी, ३ वाजून ३२ मिनिटांनी आणि ३ वाजून ४१ मिनिटांनी एकेक करून ३४५ किलोव्होल्टच्या तीन लाइन झाडांना लागून बंद पडल्या. चार वाजून गेल्यावर अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑन्टारियो मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते. पुढच्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त कृती दलाचा अंतिम अहवाल आला. कारणांच्या लांबलचक यादीत त्यात एक साधी नोंद आहे: इतर अनेक कंट्रोल रूममध्ये असतो तसा सगळ्या मुख्य लाइन आणि केंद्रं दाखवणारा भिंतीवरचा नकाशा इथे नव्हता. तो असता तर कुठल्या लाइन गेल्या आहेत हे कदाचित दिसलं असतं.

मी हा अहवाल वाचला तेव्हा या नोंदीपाशी बराच वेळ थांबलो. टेबलावरच्या पडद्यावर माहिती होती. पण ती मागावी लागत होती. योग्य पान उघडलं तर ती लाइन बंद दिसली असती, आणि काही झालंच नाही असं वाटणारा माणूस ते पान कशाला उघडेल? संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये घालून दिलेला नियम या क्षेत्रात सगळे गिरवतात: आधी सगळ्याचा आवाका, मग झूम आणि गाळणी, मग मागाल तसा तपशील. लहान पडद्यासाठी तो आजही उत्तम आहे. माझं म्हणणं असं की भिंतीवर तपशील मागायची वेळ येऊ नये. तो तिथे असावा, न मागता, कायम, त्याच जागी.

त्याच जागी, यावर माझा फार जोर आहे. व्हर्जिनिया टेकच्याच गटाने २०१० मध्ये विश्लेषकांना आठ मोठ्या मॉनिटरच्या वळणदार पडद्यापुढे बसवून कागदपत्रांचा गुंता सोडवायला दिला. त्यांनी कागद पडद्यावर पसरले, एकमेकांशी नातं असलेले जवळ ठेवले आणि पुढे ‘ते वर डावीकडचं’ अशा आठवणीने शोधले. जागा हीच त्यांची स्मरणवही झाली. कंट्रोल रूममध्ये ही वही वर्षानुवर्षं भरत असते. सात-आठ वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाची नजर कोयनेकडे जाते ती नाव वाचत नाही, ती थेट त्या जागेवर जाते. कोयनेची १,९६० मेगावॉटची जलविद्युत मिनिटांत वाढवता येते, म्हणून संध्याकाळी लोड चढायला लागला की सगळ्यांचा डोळा तिथे. अशा भिंतीवर दर वीस सेकंदांनी पानं बदलणारा देखावा लावला की त्या माणसाची कमावलेली नजर वाया जाते. हा मला निव्वळ अन्याय वाटतो.

आपल्या लिपीबद्दलही बोलायला हवं, कारण परदेशी पुस्तकांत ते कुठेच सापडत नाही. अक्षर किती मोठं असावं याचे आंतरराष्ट्रीय दंडक रोमन लिपी समोर ठेवून केलेले आहेत. त्यांचा साधा अर्थ असा की आरामात वाचायला अक्षराची उंची डोळ्यापाशी एका अंशाच्या तिसऱ्या भागाएवढी हवी, म्हणजे चार मीटरवरून सुमारे २३ मिलिमीटर. देवनागरीत ही उंची कुठून कुठे मोजायची? फॉन्टच्या मापात वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही धरलेले असतात, त्यामुळे मधल्या अक्षराला उरते ती निम्मीशिम्मी. लांबून आधी शिरोरेषेचा पट्टा दिसतो, अक्षरं त्याला लोंबणाऱ्या सावल्यांसारखी. ‘चंद्रपूर’वरचा अनुस्वार सगळ्यांत आधी जातो. ‘पडघे’ की ‘पडधे’ हे ठरतं शिरोरेषेतल्या एका बारीक फटीवर, तसंच भ आणि म यांचं. म्हणून मी मात्रा आणि उकार सोडून मधल्या अक्षराची उंची मोजतो, शिरोरेषा बारीक असलेला फॉन्ट घेतो आणि ओळींमध्ये सढळ हाताने जागा सोडतो. सबस्टेशनची नावं मराठीत नकोत, इंग्रजीच बरी दिसतात, असं मला सांगितलं जातं तेव्हा मी छापील पट्टा लावून दाखवतो. नीट मापात लिहिलेलं मराठी चार मीटरवरून स्वच्छ वाचता येतं.

बाकी अडचणी भराभर सांगतो. जोडपडद्यांच्या काळ्या चौकटी: त्यांच्या खाली आकडा येऊ द्यायचा नाही. रेघ चौकटीमागून जाते असं धरून तुटलेला भाग सोडून द्यायचा, म्हणजे ती पुढच्या पडद्यावर सरळ निघते. माउसचा बाण भिंतीवर हरवतो, म्हणून भिंतीवर माउस नकोच. लुकलुकणारे दिवे: डोळ्याच्या कडेला रंग आणि तपशील नीट कळत नाहीत पण हालचाल चटकन कळते. म्हणून हालचाल ही सर्वांत मौल्यवान खूण आहे. ती एकाच प्रकारच्या घटनेसाठी राखून ठेवायची, घड्याळाच्या सेकंदांवर उधळायची नाही.

तिरक्या नजरेची अडचण मात्र सोपी नाही. अनास्तासिया बेझेरियानोस आणि पेट्रा आयझेनबर्ग या संशोधकांनी २०१२ मध्ये वाइल्ड भिंतीवर लांबी, कोन आणि क्षेत्रफळ यांचे अंदाज तपासले. भिंतीच्या जवळ उभं राहून दूरच्या टोकाकडे पाहिलं की हे अंदाज बिघडतात. गोल आलेख पाच मीटर बाजूला असला की तो अंडाकृती दिसणार हे उघड आहे, तरी भिंतीवर गोल आलेख लावायचा मोह कुणाला आवरत नाही. मी उभे स्तंभ वापरतो, कारण तिरकं पाहताना आडवं माप सर्वांत जास्त आक्रसतं. आणि प्रत्येक स्तंभाला त्याची स्वतःची पूर्ण पातळी दाखवणारी चौकट देतो, म्हणजे दूरच्या स्तंभाशी तुलना करावी लागत नाही. चौकट किती भरली एवढंच बघायचं.

आता त्या जमिनीकडे येतो. मी पाहिलेल्या बहुतेक कंट्रोल रूममध्ये भिंत आणि माणूस यांच्यामध्ये टेबलांची अर्धगोल रांग असते, पायाखाली केबल घेऊन पक्की रोवलेली. टेबलापासून भिंत सहा-सात मीटर. भिंतीलगत कुणी जाऊ नये म्हणून कधी दोरी, कधी कुंड्या. मागे उंचावर काचेआड पाहुण्यांसाठी खोली. म्हणजे भिंत कुणासाठी बांधली आहे ते फर्निचरच सांगतं. पाहुण्यांना भव्य काही दिसावं यात मला वावगं वाटत नाही. लोकांच्या पैशांतून उभं राहिलेलं काम लोकांनी बघावं. पण रात्रीच्या शिफ्टला ज्याला लाइन सांभाळायची आहे, त्याला भिंतीपर्यंत पोहोचता येत नसेल तर तिथे बारीक पिक्सेलची महागडी भिंत लावण्यात अर्थ नाही.

म्हणून आता काम घेताना मी खोलीचा आराखडा आधी मागतो, पडद्याचा नंतर. टेबलांच्या रांगेत मधे दोन ठिकाणी वाट सोडा, केबल त्या वाटेखालून न्या. भिंतीसमोर किमान दोन मीटरची मोकळी पट्टी ठेवा, दोघं बोलत उभे राहतील आणि तिसरा मागून जाऊ शकेल एवढी. भिंतीचा खालचा काठ कमरेच्या उंचीवर आणि वरचा काठ हात वर केला की पोहोचेल त्याच्या थोडा पुढे. त्याहून वर फक्त पाच मीटरवरून वाचायच्या गोष्टी. पट्टीवरचे दिवे पडद्यावर चमकणार नाहीत असे, पण हातातली लॉगबुक वाचता येईल एवढे. वास्तुविशारद सुरुवातीला त्रासतात. दोन मीटर जागा म्हणजे टेबलांची एक रांग कमी, असा त्यांचा हिशेब असतो, आणि तो बरोबर आहे. मी त्यांना जिन्याजवळच्या कागदी भिंतीपाशी नेतो, चिकटपट्टीच्या रेघा दाखवतो आणि पडघ्याची फ्रिक्वेन्सी वाचायला सांगतो.